हातावरचं दही

मी निघाले त्या सकाळी आई गोठ्यातून बाहेर आलीच नाही. दारात गाडी उभी होती, माझ्या दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या, शेजारच्या शकूकाकू पदर सावरत ओट्याशी येऊन थांबल्या होत्या. आमच्याकडे घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की आई त्याच्या उजव्या हातावर चमचाभर दही घालते, वर चिमूटभर साखर. ते चाटायचं, हात धुवायचा आणि मागे न बघता उंबरा ओलांडायचा. दहावीच्या परीक्षेला, राहुरीला शेतकी शिकायला गेले तेव्हा, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला, दर वेळी आईनं माझ्या हातावर दही घातलं होतं. काष्टीच्या बाजारात गाय विकायला निघालेल्या तात्यांच्याही हातावर ती घालायची. तात्या म्हणजे माझे वडील. बाजार आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, तरी ते मिशीला लागलेलं दही पुसत जायचे. त्या दिवशी मात्र मी उंबऱ्यात नुसती उभी राहिले आणि गोठ्यातून बादलीचा आवाज येत राहिला.

तात्या दोनदा आत जाऊन आले. दुसऱ्यांदा आले ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "धार काढतीय ती. मधीच उठली तर गाय पान्हा चोरंल. तू हो म्होरं." धार काढून तास उलटला होता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मग त्यांनी स्वतःच साखरेचा डबा शोधला आणि नुसती साखर माझ्या हातावर ठेवली. मी ती गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर झटकून टाकली. इतका राग आला होता मला.

भांडण त्याआधी महिनाभर चाललं होतं. एका संस्थेतर्फे मी दोन वर्षांसाठी टांझानियाला स्वयंसेवक म्हणून चालले होते. तिथल्या डोंगरी गावातल्या बायांना गाईंचा चारा, मुरघास म्हणजे मुरवून टिकवलेला हिरवा चारा, दुधाची स्वच्छता हे शिकवायचं. पगार नाही. एका कुटुंबात राहायची सोय, जेवण आणि किरकोळ खर्चाला पैसे. आईचं म्हणणं साधं होतं. "आपल्या गोठ्यात सा गाया हायत, त्यांच्या खाली बसाय मानूस न्हाई, आन् ही फुकटात दुसऱ्याच्या गाया बगाय निगाली." मी सत्तावीस वर्षांची, एकुलती एक, लग्नाचं बघणं चालू असलेली. मी विचारलं, मोठ्या पगारावर गेले असते तर चाललं असतं का? ती म्हणाली, "व्हय, चाललं आसतं. लोकान्ला सांगता तरी आलं आसतं." त्यावर मी म्हणाले, तुला गोठ्याला गडी पाहिजे, लेक नको. हे वाक्य माझं आहे आणि ते मी मागे घेतलं नाही. त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला. अबोला धरण्यात आम्ही मायलेकी एकमेकींना हार जाणाऱ्या नव्हतो.

टांझानियाच्या दक्षिणेकडे ज्या गावात मी पोचले तिथे माती तांबडी आणि हवा इतकी थंड की आफ्रिका म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं काहीच नव्हतं. ज्यांच्या घरी माझी सोय होती त्या बाईंना सगळे मामा नेमा म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई, आणि बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. नेमा ही त्यांची लेक, दार-एस-सलामला एका दुकानात कामाला. मला तिचीच खोली मिळाली होती. खिळ्याला तिचं शाळेचं दप्तर अजून टांगलेलं, भिंतीवर उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या रेघा. मामा नेमाचा नवरा लाकडाच्या वखारीत कामाला, बोलायला तात्यांसारखाच कमी.

पहिल्या संध्याकाळी मामा नेमानं माझ्यापुढे मोठा मग ठेवला. बघते तर काय, दही. घट्ट, आंबट वासाचं, वर पिवळसर साय. त्याला ते लोक मतिंदी म्हणतात. सतरा तासांचा विमानप्रवास आणि दिवसभराची बस झालेली, पोटात काही नाही, आणि समोर दही. मी मग बाजूला सारला. नको, म्हणाले. तिला वाटलं पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी तिनं परत ठेवला, मी परत सारला. ती चौदा दिवस ठेवत राहिली आणि मी चौदा दिवस सारत राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात कुदळ दिली आणि मक्याच्या वावराकडे बोट केलं, तेव्हा तर मी फुगूनच बसले. आमच्याकडे पाहुण्याला स्वतःचं ताट उचलू देत नाहीत. पाहुणी मानलं नव्हतं तिनं मला, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

बाकी हळूहळू अंगवळणी पडलं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला उगाली म्हणतात, ती तिथे रोजच ताटात. आमच्याकडे मका बहुतेक मुरघासाला जातो, म्हणून पहिल्यांदा वाटलं, आपण आता गाईंच्या पंगतीला बसलो. डोक्यावरून पाणी आणायला शिकले. आधी अर्धी बादली अंगावर आणि अर्धी घरी, मग सगळी घरी. दुकानाला दुका म्हणतात, साबणाला साबुनी, चहाला चाय, त्यामुळे भाषेचा धीर येत गेला. एकदा पातेल्याच्या झाकणावर मक्याची भाकरी थापून दाखवली. तिचे पाच तुकडे झाले आणि मामा नेमा हसून हसून चुलीशेजारी खालीच बसली. बाया भल्या होत्या, गाई बऱ्या होत्या, काम मनासारखं होतं. मी सुखात होते असं म्हटलं तरी चालेल, आणि त्याचाही मला राग यायचा, कारण ते आईला सांगता येत नव्हतं.

एका गोष्टीला मात्र मी सरावले नाही. तिकडे सकाळी कुणी भेटलं की नुसतं बरं का म्हणून पुढे जात नाहीत. थांबतात, घरच्या एकेका माणसाची खुशाली विचारतात. बाबा हाजांबो? मामा हाजांबो? वडील बरे आहेत ना, आई बरी आहे ना? आपण म्हणायचं, हाजांबो, बरी आहे. दूधकेंद्रापर्यंतच्या उतारावर मला रोज आठ-दहा बाया भेटायच्या, म्हणजे आई बरी असल्याचं मी रोज आठ-दहा वेळा सांगायची. तिच्याशी एक शब्द न बोलता.

फोनला रेंज फक्त चर्चमागच्या टेकाडावर यायची. दर रविवारी मी तिथे चढून तात्यांना व्हिडिओ कॉल करायची. तात्या व्हिडिओ असला तरी फोन कानालाच लावतात, किती सांगितलं तरी. त्यामुळे मला त्यांचा कान आणि पांढरे कल्ले तेवढे दिसत. पाऊसपाणी, गाईंची वेतं, डेअरीत दुधाला फॅट कमी लागल्याची कुरकुर झाली की ते विचारत, "आईला दिऊ का?" मी म्हणायची, तिला बोलायचं असेल तर घेईल की ती. मागे भांड्यांचा आवाज थांबलेला असायचा. एकदा मागून हळूच ऐकू आलं, "जेवती का म्हनावं नीट." तात्यांनी ते मला सांगितलं आणि मी तात्यांना म्हणाले, सांगा, जेवते. तीन पावलांवर होती ती. मी मोठ्यानं बोलले असते तरी तिला ऐकू गेलं असतं.

मामा नेमाही त्याच टेकाडावरून लेकीला फोन करायची. माझ्या फोनवर कधी बाईचा आवाज येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. एका दुपारी शेंगा सोलता सोलता तिनं सरळ विचारलं, तुझी आई तुझ्याशी बोलत का नाही? मोडक्यातोडक्या भाषेत मी सगळं सांगितलं. गाई, भांडण, हातावर दही घालायची पद्धत आणि ते मला कसं मिळालं नाही. दही का सारत होते तेही. ती म्हणाली, "पोले." हा शब्द ते लोक कुणालाही काही लागलं, दुखलं की म्हणतात, स्वतःची काही चूक नसताना. मग शेंगांचं टोपलं बाजूला ठेवून म्हणाली, "नेमा पण माझं न ऐकता शहरात गेली. मी तिला दर रविवारी शिव्या घालते. पण फोन करून घालते." आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, दिवाळीला आईशी बोलायचं. पाडव्याच्या दिवशी फोन करून म्हणायचं, आईला द्या. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. त्याच दिवशी का नाही केला फोन? सण असला की आपण नमलो असं दिसत नाही, म्हणून. इतका हिशेबी मान होता माझा.

दिवाळीआधीचाच तो गुरुवार होता. उतारावर बाया भेटल्या. मामा हाजांबो? हाजांबो. पुढे दुसरी. हाजांबो. दूधकेंद्रावर कॅन उतरवत होते तेवढ्यात संस्थेचा माणूस मोटरसायकलवर आला आणि घरी फोन कर, एवढंच म्हणाला. टेकाडावर त्यानंच नेलं. तात्यांनी फोन उचलला, सवयीनं कानाला लावला. व्हिडिओ चालू होता. "पोरी," ते म्हणाले, "तुजी आई गेली गं. पाटंच धार काढता काढता छातीत कळ आली. बादलीवर हात ठिवूनच..." मला किती तरी वेळ त्यांचा नुसता कान दिसत राहिला. उतारावर मी हाजांबो म्हणत होते तेव्हा आईला जाऊन सहा तास झाले होते.

मामा नेमाच्या अंगणात तासाभरात चटया अंथरल्या गेल्या. सकाळी उतारावर भेटलेल्या सगळ्या बाया येऊन बसल्या. कुणी सरपण आणलं, कुणी पाणी, कुणी उगालीचं पीठ. आमच्याकडे अशा घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. काष्टीत आमच्या घरी या वेळी शकूकाकूंनी भाकरी आणल्या असतील, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात फिरत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता बस होती. मी पायरी चढणार तेवढ्यात मामा नेमानं माझा उजवा हात ओढून घेतला, शालीखालून मग काढला आणि हातावर दही ओतलं. चमचाभर नाही, चांगलं ओंजळभर, वर मूठभर साखर. बोटांतून दही खाली गळत होतं. ती मोठ्यानं रडत होती आणि रडतच ओतत होती. मयताला निघालेल्या माणसाच्या हातावर आमच्याकडे कुणी दही घालत नाही, आणि रडून तर कुणालाच वाटेला लावत नाहीत. तिला कुठलं माहीत असायला. मी सगळं चाटून घेतलं. सात महिन्यांत पहिल्यांदा दही खाल्लं ते असं.

घरी पोचले तो चौथा दिवस होता. तिसऱ्या दिवशी सावडून झालं होतं, म्हणजे राखसुद्धा राहिली नव्हती मला बघायला. गोठ्यात शकूकाकू धार काढत होत्या. मी तिथेच गव्हाणीला टेकून बसले आणि म्हणाले, काकू, निघताना ती बाहेरसुद्धा आली नव्हती हो माझ्यासाठी. काकूंनी बादली बाजूला ठेवली.

"तुला काय वाटलं, रागानं आली न्हाई?" त्या म्हणाल्या. "आगं, दह्याची वाटी घिऊनच बसली हुती हितं. मी बगाय आल्ते. नुसती हुंदक्यावर हुंदकं देत हुती, आन् भाईर ऐकू जाऊ नगं म्हनून बादली वाजवत हुती. म्हनली, शकू, माज्या डोळ्याचं पानी खळंना, आन् रडत्या तोंडानं पोरीला एवड्या लांब लावून दिऊ का? आपशकुन नगं तिला. तू जा म्होरं. मी हाताला धरून वडलं तरी उठली न्हाई. गाडी गेली तवा बाहीर आली, आन् धुरळा बसंपतुर रस्त्यात हुबी हुती."

मी म्हणाले, मला एका शब्दानं का नाही सांगितलंत?

"शपत घातल्ती तिनं. म्हनली, माजी पोरगी लई मानी हाय, माज्यावरच गेलीय. दिवाळीला बोलंल ती आपसुक."

दोघी दिवाळीची वाट बघत होतो. हे ऐकल्यावर मी जी रडले ती गव्हाणीपासून मला तात्यांनी उठवून आणलं तेव्हाच थांबले. आजही त्या वाटीचा विचार आला की हातातलं काम गळून पडतं. गोठा आणि उंबरा यांत पंधरा पावलं आहेत. मी मोजली आहेत ती, दहाव्याच्या आधी आणि नंतरही.

तेरावं झाल्यावर मी तात्यांना सांगितलं, मी परत जात नाही. ते कडब्याच्या पेंढ्या रचत होते. म्हणाले, "चार गाया इकून टाकल्या मी बाजारात. दोन माज्याच्यानं हुत्यात. तू जा, बाया वाट बगत आसत्याल." मग पुढची पेंढी रचत म्हणाले, "तुजी आई डेरीवर सगळ्यान्ला सांगत हुती. माजी लेक आफ्रिकेत गाया शिकिवती म्हनून. फुकटात करती, आसं बी सांगायची. लई ऐटीत." मी पेंढ्या उचलायला लागले, कारण तोंड लपवायला दुसरं काही नव्हतं.

दुखवट्याच्या दिवसांत घरचं दूध सगळं डेअरीला जात होतं. आईचं दह्याचं पातेलं घासून पालथं पडलं होतं. तेरा दिवस विरजण लावलं गेलं नव्हतं. काल-आजच्या दह्यातून उद्याचं दही लावायचं, असं ते आजीपासून चालत आलेलं. ते तुटलं हे माझ्या ध्यानात आलं, पण तात्यांना बोलले नाही. ज्यांनी जन्मात कधी दूध तापवलं नाही त्यांना काय सांगायचं, असं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी दिवेलागण झाली, मी देवापुढे दिवा लावला आणि बाहेर आले तर तात्या हातात वाटी घेऊन शकूकाकूंच्या दाराकडे चालले होते. "शकू, वाईच विरजन दे," त्यांनी हाक मारली. आमच्याकडे दिवे लागल्यावर घरातलं दही, विरजण बाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. शकूकाकू तर या बाबतीत इतक्या कडक की मी लहानपणी दोनदा रिकाम्या हातानं परत आले आहे. त्या दारात आल्या. वाटीकडे बघितलं, ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. आत गेल्या आणि वाटी भरून घेऊन आल्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "तिचंच हाय. माजं नासलं हुतं तवा तिच्याकडनंच आनल्तं, ती जायच्या आठ दिस आदी."

तात्यांनी दूध तापवलं. किती कोमट ते त्यांना कळेना. बोट घालून बघत होते, माझंही बोट घालायला लावत होते. आईला असं कधी बोट घालावं लागलं नाही, ती नुसतं पातेलं धरूनच सांगायची. शेवटी विरजण लागलं आणि तात्यांनी पातेलं चुलीशेजारी, ती ठेवायची त्याच कोपऱ्यात ठेवलं.

सकाळी गाडी आली. दही पातळ होतं, पण लागलं होतं. मी उंबऱ्यात उजवा हात पुढे केला. तात्यांनी चमच्यानं दही घातलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. "रडत्या तोंडानं देतोय," ते म्हणाले. "आसू दे." साखर घालायची विसरलेच. मी आंबट दही चाटलं, हात धुतला, गाडीत बसले आणि मागे बघायचं नसतं तरी वळण येईपर्यंत मागेच बघत राहिले.

परत येऊन मला आता पाच महिने झाले. मामा नेमाकडे मी मतिंदी खाते, स्वतः लावतेही. घर कुठलं तुझं, असं इकडे नवी माणसं विचारतात. मला एवढंच कळलं आहे की ज्यांची खुशाली विचारली असता खरं उत्तर देता यायला हवं, ती माणसं जिथे आहेत ते घर. हे मला उशिरा कळलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब निघून गेले असतील त्यांना एकच सांगते. फोनवर कुणी "दिऊ का?" असं विचारलं, तर द्या म्हणा.

उतारावरच्या बाया आता मला आईचं विचारत नाहीत. त्या चटईवर बसल्या होत्या, त्यांना माहीत आहे. फक्त विचारतात, बाबा हाजांबो? म्हणून मी आता रोज सकाळी आधी टेकाड चढते. रविवारची वाट बघत नाही. तात्या फोन कानाला लावतात, मला कान दिसतो.

"तात्या, दही लागलं का?"

"लागलं."

मग मी खाली उतरते आणि पहिली बाई भेटली की तिला सांगते, हाजांबो.